दान्ते, ज्ञानोबा आणि मनातला डूख

शके 1212, म्हणजे 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली, तेव्हा इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात दान्ते हा कवी पंचविशीत होता. तिकडे लॅटिन, इकडे संस्कृत. दोघांनीही पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत ग्रंथ लिहिला, हे साम्य बरेच जण सांगतात. मला दुसरे साम्य अधिक मोलाचे वाटते. दोघांनाही आपल्याच माणसांनी बाहेर काढले होते.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे परंपरा सांगते. दान्तेला 1302 मध्ये राजकीय विरोधकांनी हद्दपार केले. सापडला तर जिवंत जाळा, असा हुकूम निघाला. 1321 मध्ये तो रावेन्नात वारला, घर पुन्हा दिसले नाही. (शहराच्या नगरपालिकेने ती शिक्षा रद्द ठरवली 2008 साली! सरकारी काम.)

मग मनातला डूख दोघांनी कुठे ठेवला? पसायदान आमच्या किन्हवलीकडे सप्ताहाला बसणाऱ्या पोरांनाही पाठ असते. त्यात दुष्टांना शिक्षा मागितलेलीच नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागणे. दान्ते मात्र रागावलेला माणूस आहे. 'डिव्हाइन कॉमेडी'त त्याने आपल्या गावच्या कित्येकांना नावानिशी नरकात बसवले, पोपलाही सोडले नाही. अगदी तळाला विश्वासघातकी. आणि तिथे आग नाही, बर्फ आहे. या काव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपलेली आहे.

नरकापाशीच पुस्तक मिटले तर हा सुडाचा कवी वाटेल. पण पुढे पापे धुण्याचा डोंगर येतो. तिथे गर्विष्ठ लोक पाठीवर प्रचंड दगड घेऊन वाकून चालतात, आणि त्यांच्याशी बोलताना दान्तेही वाकून चालू लागतो. वरच्या टप्प्यावर मत्सरी लोक भेटतात. तिथे तो सांगतो, मेल्यावर मला इथली फारशी भीती नाही, खालच्या त्या दगडांची आहे. सगळ्या काव्यात मला ही जागा सर्वात खरी वाटते.

1315 च्या सुमारास शहराने त्याला परत घेण्याची तयारी दाखवली होती. अट एवढीच, दंड भरायचा आणि चारचौघांत प्रायश्चित्त घ्यायचे. त्याने साफ नकार दिला. तो स्वाभिमान होता की पाठीवरचा तोच दगड, हे मला अजून ठरवता आलेले नाही.