किती वाजता भाजला?

भिलाईच्या पोस्टिंगमध्ये एका रात्री लंगरमधली उकळती कढई कलंडली आणि आमचा एक जवान भाजला. गाडीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न मला विचारला, "किती वाजता भाजला?" मला सांगता येईना. घड्याळ मनगटावर होतं, बघितलं कुणी होतं! शेवटी लंगरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, टीव्हीवर आठच्या बातम्या नुकत्या लागल्या होत्या."

वजन 70 किलो, भाजलेलं अंग 30 टक्के. डॉक्टरांनी कागदावर गुणाकार मांडला: 4 × 70 × 30, म्हणजे 24 तासांत 8400 मिली सलाईन. त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत. आणि हे 8 तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. आमचे दोन वाटेतच गेले होते, म्हणून 4200 मिली सहा तासांत द्यायचं होतं. या सूत्राचं नाव पार्कलंड. डलासमधलं हे रुग्णालय. केनेडींना गोळी लागल्यावर नेलं ते हेच.

पण सूत्रानं फक्त सुरुवात होते. पुढे माणसाचं शरीरच सांगतं, किती हवं ते. हे ऐकण्याची युक्ती आपल्याकडे एका लष्करी डॉक्टरनं फार आधी काढली होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लिओनार्ड रॉजर्स कलकत्त्यात पटकीचे रोगी बघत. ग्लिसरीन-पाण्याच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीची घनता वेगळी. रक्ताचा थेंब टाकायचा. बुडतो की तरंगतो यावरून रक्त किती आटलंय ते कळे आणि मग शिरेतून मिठाचं पाणी. 1908च्या सुमाराला मरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

तरी फौजांना दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागली. कोरियाच्या युद्धात जखमींची मूत्रपिंडं बंद पडत. तिथून धडा घेऊन व्हिएतनाममध्ये सलाईन सढळ हातानं दिलं, तर काहींची फुप्फुसंच पाण्यानं भरली. अमेरिकन डॉक्टरांनी त्याला नावच पाडलं, दा नांग लंग.

म्हणून आजही भाजलेल्याच्या खाटेला लघवीची पिशवी असते. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे निदान अर्धा मिली. कमी आली तर सलाईन वाढवा, फार आली तर कमी करा.

त्या रात्री सिस्टर दर तासाला वाकून आकडा लिहीत होत्या. 12, मग 18, मग 22. पहाटे चारला त्यांनी 35 लिहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाओ भैया, चाय पी लो."