वास्तू, नाद आणि जनस्मृती : वसई किल्ल्याच्या संदर्भात संगीत महोत्सवांचा विचार

ऐतिहासिक वास्तूंविषयी लोकांची आस्था जागविण्यासाठी प्रयोगकलांच्या महोत्सवांचे साहाय्य घेण्याची प्रथा भारतात १९७५ मध्ये सुरू झालेल्या खजुराहो नृत्यमहोत्सवापासून विशेष रूढ झाली. महाराष्ट्रात वेरूळ व घारापुरी येथील महोत्सव त्याच परंपरेतील होत. वेरूळचा महोत्सव आरंभी कैलास लेण्याच्या सान्निध्यात होत असे. पुढे तो औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहरातील सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. वरकरणी ही माघार वाटते. तथापि जगद्विख्यात लेण्याला रसिकांची उणीव कधीच नव्हती. ती होती सतराव्या शतकातील या उपेक्षित महालाला.

या दृष्टीने जूचंद्रपासून काही मैलांवर असलेल्या वसई किल्ल्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदी नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत बाहेर पडली. किल्ल्यातील चर्चच्या घंटा पुढे मराठी मुलखातील देवालयांत गेल्या. त्यांपैकीच एक मानली जाणारी, १७२१ हे साल कोरलेली घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. वसईचा नाद असा अन्यत्र गेला आणि मागे उरल्या त्या छप्पर हरपलेल्या भिंती.

२०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गीताच्या चित्रफितीत याच भिंती जगभर दिसल्या. परंतु पाहणाऱ्यांपैकी कितीजणांना ही वसई असल्याचे उमगले असेल? केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरलेली वास्तू प्रसिद्धी मिळवूनही अनामच राहते. बाहेरून आणलेल्या नामवंत गायकांच्या मैफलींनाही हाच धोका संभवतो.

वास्तविक या परिसराला स्वतःचे संगीत आहे. कोळीगीते, ख्रिस्ती समाजातील ब्रास बँड, पालघरच्या आदिवासी भागातील तारपा यांना किल्ल्यात स्थान मिळाल्यास १७३९ ची विजयस्मृती आणि उद्ध्वस्त चर्चची स्मृती या दोन्ही एकाच श्रोतृवृंदासमोर येतील. हे काम नाजूक आहे. पण टाळण्यासारखे निश्चितच नाही. रंगावलीसाठी ख्यातकीर्त असलेल्या जूचंद्रच्या कलावंतांनाही प्रवेशमार्गावर किल्ल्याचा इतिहास रेखाटता येईल.

अर्थात १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात करमणुकीच्या कार्यक्रमास केंद्र शासनाची परवानगी लागते. मान्य धार्मिक रूढीला तेवढा अपवाद आहे. ही अट जाचक मानणाऱ्या आयोजकांनी ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि जीर्ण चुनेगच्ची यांतील अंतर आधी मोजावे.