माणूस असल्याचा पुरावा

१९९७ साली गूगल कंपनी स्थापन व्हायला अजून वर्षभर अवकाश होता आणि इंटरनेटवर काही शोधायचे तर लोक ‘अल्टाव्हिस्टा’ उघडत. तिथे कुणालाही आपल्या संकेतस्थळाचा पत्ता फुकट नोंदवता येई. या सोयीवर डोळा ठेवून काहींनी छोटे प्रोग्राम, म्हणजे ‘बॉट’, लिहिले, आणि ते रात्रंदिवस बनावट पत्ते नोंदवू लागले. अल्टाव्हिस्टाचे आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यावरची युक्ती सापडली ती ब्रदर कंपनीच्या एका स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत. यंत्राला छापील मजकूर नीट वाचता यावा म्हणून काय करावे, हे तिथे सांगितले होते: अक्षरांचे वळण एकसारखे ठेवा, पार्श्वभूमी कोरी ठेवा. ब्रोडर यांच्या चमूने नेमके याच्या उलट केले. वळणे बदलली, अक्षरे वाकडीतिकडी केली, मागे गिचमीड भरली. पत्ता नोंदवणाऱ्याने आधी ही अक्षरे ओळखून टाइप करायची. बनावट नोंदणी ९५ टक्क्यांहून अधिक घटली.

यंत्राला जमत नाही ते माणसाला सहज जमते, या गृहीतकावर ही युक्ती उभी होती. ज्याला दिसते त्याच्यापुरतेच ते खरे होते.

दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतो. चित्र आले की त्यासोबत दिलेले लेखी वर्णन वाचतो. वाकड्या अक्षरांच्या चित्राला असे वर्णन जोडले, तर उत्तर स्क्रीन रीडरला मिळेल आणि त्याच क्षणी बॉटलाही. कारण वर्णन वाचून काढणे बॉटलाही तितकेच सोपे आहे. म्हणून वर्णन द्यायचेच नाही, असे ठरले आणि दार बंद झाले. ही चूक कुणाच्या विसरभोळेपणातून झालेली नव्हती. रचनाच तशी होती, आणि म्हणूनच पुढची पंचवीस वर्षे ती निस्तरता आली नाही.

२००० साली याहूच्या गप्पांच्या खोल्यांत बॉट घुसून जाहिराती टाकत होते. याहूचे उदी मॅनबर ही अडचण घेऊन पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. तिथे मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन आणि निकोलस हॉपर यांनी आयबीएमच्या जॉन लँगफर्ड यांच्यासह अशा चाचण्यांना शास्त्रीय बैठक दिली आणि ‘कॅप्चा’ हे नावही दिले. ईमेल खाते, तिकीट, मतचाचणी, जिथे अर्ज भरायचा तिथे कॅप्चा येऊन बसला.

धोक्याची घंटाही लवकरच वाजली. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये मॅट मे यांनी २००३ साली एक मसुदा मांडला. या चाचण्यांपुढे अंध, अंधुक दिसणारे आणि डिस्लेक्सिया असणारे लोक अडकतात. उलट ज्यांना अडवायचे ते वाट काढतातच, असे त्याचे सांगणे होते. २००५ मध्ये या मसुद्याची रीतसर टिपणी झाली. मे यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग किती खरा आहे, हे २००३ मध्येच दिसले होते. बर्कलीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांच्या प्रोग्रामने याहूवर वापरात असलेला एक कॅप्चा ९२ टक्के वेळा अचूक सोडवून दाखवला होता.

अंधांच्या अडचणीवर मोठ्या कंपन्यांनी काढलेली तोड म्हणजे आवाजी कॅप्चा. चित्राशेजारी कानाची किंवा कर्ण्याची खूण आली. ती दाबली की गोंगाटात बुडालेले इंग्रजी आकडे किंवा अक्षरे ऐकू येत. ऐकायचे, लक्षात ठेवायचे आणि चौकटीत लिहायचे. पण चौकटीकडे जायला कळ दाबावी, तर स्क्रीन रीडर त्या चौकटीचे नाव मोठ्याने सांगू लागे आणि नेमका त्याच वेळी कॅप्चाचा आवाज चालू असे. दोन आवाज एकमेकांवर आदळत. पुन्हा ऐकायचे तर मागे जाऊन बटण शोधायचे, आणि परत येईपर्यंत आकडे सुरू झालेले असत.

जेफ्री बिगहॅम आणि ॲना कॅव्हेंडर यांनी २००९ मध्ये याची मोजदाद केली. पहिल्या प्रयत्नात आवाजी कॅप्चा सोडवू शकलेल्या अंध सहभागींचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते, आणि एकेका कोड्याला सरासरी पन्नासएक सेकंद लागत होते. डोळसांना चित्रातले कोडे सोडवायला दहाएक सेकंद पुरत. दोघांनी उपायही सुचवला आणि तो अगदी साधा होता: ध्वनी थांबवण्याच्या आणि मागे-पुढे नेण्याच्या कळा उत्तराच्या चौकटीतच द्यायच्या, म्हणजे ये-जा करावी लागत नाही. एवढ्याशा बदलाने यशाचे प्रमाण ५९ टक्क्यांनी वाढले. गोंगाट तितकाच ठेवूनही हे साधले, म्हणजे निदान काही अडचण निव्वळ मांडणीची होती.

उरलेली अडचण मात्र गोंगाटाचीच होती. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये एकच आवाजी कॅप्चा तिघांना ऐकवून पाहिला. तिघांचेही उत्तर एक यावे, असे जेमतेम ३१ टक्के वेळा घडले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना आणखी कष्ट पडत. मराठी माध्यमात शिकलेल्या, स्क्रीन रीडरचा संथ आवाज सरावाचा असलेल्या अंध विद्यार्थ्यापुढे परक्या उच्चारांतले, कर्कश खरखरीत विरलेले आकडे आले तर काय होत असेल, हे समजायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

मग अडले कोण? २०१० च्या सुमारास भारत, बांगलादेश आणि चीनमधली माणसे स्पॅमवाल्यांसाठी हजार कॅप्चा सोडवण्याचे सुमारे एक डॉलर घेत होती. खरीखुरी माणसेच असल्यामुळे ती प्रत्येक चाचणी पार करत. २०१४ मध्ये गूगलने स्वतःच सांगितले की त्यांची प्रणाली अत्यंत विकृत अक्षरेही ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. त्याच वर्षी ‘मी रोबो नाही’ ही खुणेची चौकट आली. २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलचाच आवाजी कॅप्चा ८५ टक्के वेळा फोडला, तोही इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या उच्चार-ओळख सेवा वापरून. यंत्राचे कान माणसाच्या पुढे गेले होते. ज्यांना ना दिसते ना ऐकू येते, अशांसाठी तर यातले काहीच नव्हते. ब्रेल पट्टीवर चित्र उमटत नाही आणि आवाजही नाही.

या साऱ्या काळात दुसरी वाट उपलब्ध होती, ही गोष्ट चटका लावणारी आहे. १९९२ मध्येच सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी ईमेलमधल्या कचऱ्यावर उपाय सुचवला होता: पत्र पाठवण्याआधी संगणकाने एक लहानसे गणित करावे. एका पत्रासाठी ते जाणवणारही नाही. लाखो पत्रे पाठवणाऱ्याला मात्र परवडणार नाही. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांच्या ‘हॅशकॅश’ने हेच तत्त्व वापरले. २००५ मध्ये आलेली ‘अकिस्मेट’ सेवा तर माणसाला काहीच विचारत नाही. आलेला मजकूर सर्व्हरवर तपासते आणि संशयित वेगळा काढते. चाचणीचे ओझे यंत्राने वाहावे, ही कल्पना कॅप्चाहून जुनी आहे. तरी दोन दशके ते माणसाच्या डोळ्यांवर आणि कानांवर टाकले गेले, कारण बहुसंख्यांना ते हलके वाटत होते.

२०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरने आणलेला ‘टर्नस्टाइल’ पुन्हा त्या वाटेने जातो. ब्राउझरच पडद्याआड छोटी कामे करून खात्री पटवतो. लहान संकेतस्थळे आणखी सोपा सापळा लावतात: अर्जात एक लपवलेला रकाना ठेवायचा, माणसाला तो दिसत नाही, बॉट मात्र भरतो आणि पकडला जातो. पण इथेही जुनी चूक डोकावते. रकाना फक्त नजरेपुरता लपवला, तर स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो, अंध माणूस इमानाने भरतो आणि बॉट ठरतो. म्हणून तो स्क्रीन रीडरपासूनही लपवावा लागतो, किंवा ‘हा रकाना रिकामा सोडा’ असे स्पष्ट लिहावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न रोजच्या कामांत भेटतो. महाभूलेखवर सातबारा पाहायचा तरी कॅप्चा लागतो. सकाळी १० वाजता वातानुकूलित डब्यांची आणि ११ वाजता इतर डब्यांची तत्काळ तिकिटे सुटतात, तेव्हा कोड्यात गेलेले एक मिनिटसुद्धा महाग पडते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिजिटल सेवांनाही सुगमतेच्या कक्षेत आणतो.

मोबाइलवर तर पुराव्याची जागा चेहऱ्याने घेतली. बँकेच्या ई-केवायसीमध्ये जिवंतपणाची खूण म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हते. त्यांची याचिका आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, आणि वीस निर्देश दिले. पापण्यांखेरीज अन्य खुणा मान्य करा, संकेतस्थळांचे सुगमता-परीक्षण ठरावीक काळाने करा, सेवा लोकांपुढे आणण्यापूर्वी अंध व्यक्तींकडून वापरून पाहा, हे त्यातले काही.

वेबच्या सुगमतेचे आंतरराष्ट्रीय मानकही थोडे सरकले आहे. २००८ च्या आवृत्तीत कॅप्चाला दुसऱ्या इंद्रियाचा पर्याय दिला की भागत असे. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीने लॉगिन करताना स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नये, घेतलीच तर दुसरा मार्ग द्यावा, असे म्हटले. मात्र ‘बसची चित्रे निवडा’ यांसारख्या वस्तू ओळखण्याच्या चाचण्यांना मानकाच्या मधल्या पातळीवर सूट ठेवली आहे. ती फक्त सर्वांत वरच्या पातळीवर संपते, आणि बहुतेक संस्था मधल्या पातळीवरच समाधान मानतात. पुढच्या आवृत्तीत सर्वांत आधी हटवायला हवी ती हीच सूट.