लघवीची तपासणी: किडनीचा आजार दुखण्याआधी कसा कळतो

किडनीचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. पायावर सूज येणं, भूक मरणं, दम लागणं सुरू होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा साधारण निम्मी ताकद गेल्यावरच नॉर्मलच्या बाहेर जातं. शुगर किंवा बीपी असलेल्या माणसाच्या लघवीत मात्र त्याच्या बरंच आधी एक खूण सापडू शकते, ती म्हणजे अल्ब्युमिन. हे रक्तातलं प्रथिन. किडनीची चाळणी धड असेल तर ते रक्तातच राहतं, चाळणी सैल झाली की लघवीत उतरतं.

जुने हकीम कारूरा, म्हणजे काचेच्या भांड्यातली लघवी, उजेडात धरून रंग, गढूळपणा आणि गाळ पाहत. इब्ने सिनाच्या ‘अल-कानून’मध्ये त्याचं सविस्तर वर्णन आहे. पण अल्ब्युमिनला रंग नसतो. लंडनच्या गायज हॉस्पिटलचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंग सुजलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती गोठायची, अंड्याचा पांढरा बलक गोठतो तशी. लॅबमधली जुनी परीक्षा याच तत्त्वावर चालते. परीक्षानळीचा वरचा भाग तापवायचा, ढगाळ झाला तर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. ढग विरला तर ते फॉस्फेट, राहिला तर प्रथिन.

आता बहुतेक ठिकाणी पट्टी वापरतात. तिच्यावरचा पिवळा चौकोन अल्ब्युमिनमुळे हिरवट होतो आणि रिपोर्टवर ‘निल’, ‘ट्रेस’, ‘१+’ असं लिहून येतं. १+ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम. अडचण अशी की सुरुवातीची गळती याहून कमी असते. म्हणून अब्बांना दहा वर्षांची शुगर आहे आणि ‘युरिन रूटीन’मध्ये प्रोटीन निल आलं, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांना ‘युरिन एसीआर’बद्दल विचारा. काही लॅबमध्ये तिला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. यात अल्ब्युमिनची तुलना त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनशी करतात, त्यामुळे लघवी पातळ आहे की घट्ट याने फरक पडत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे जास्त. मोठ्या वयात होणाऱ्या शुगरमध्ये निदान झालं तेव्हापासूनच दरवर्षी ही तपासणी हवी. बीपी असणाऱ्यांनीही करावी.

एका रिपोर्टवरून घाबरायचं कारण नाही. ताप, लघवीचं इन्फेक्शन, मासिक पाळी, आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे काम, यानेही अल्ब्युमिन तात्पुरतं दिसतं. यवतमाळच्या उन्हात दिवसभर शेतात राबून संध्याकाळी दिलेला नमुना तर फसवाच. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्या, पहिली धार सोडून मधली, स्वच्छ डबीत, आणि लवकर लॅबला पोचवा. तीन महिन्यांत पुन्हा तपासून तसंच आलं तरच आजार धरतात.

आपल्या जिल्ह्यात किडनीचा विषय निघाला की बोट पाण्याकडे जातं. पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा प्रश्न खरा आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको, जास्त झालं तर दात आणि हाडं बिघडतात. किडनी कमजोर असेल तर फ्लोराइड शरीरात जास्त साठतं. पण सगळं पाण्यावर ढकलून शुगर-बीपी मोजायचं राहून जातं, हे जास्त नुकसानीचं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून रोज घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळीही किडनीला झेपत नाही.

आणखी एक गोष्ट. भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या काही शेतीपट्ट्यांत शुगर-बीपी नसलेल्यांनाही किडनीचा आजार होतो, आणि त्यात सुरुवातीला अल्ब्युमिन फार कमी सापडतं. म्हणजे लघवी स्वच्छ आली तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर बघावाच लागतो. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर आजार समजतात. दोन्ही तपासण्या सोबत करा, एकीने भागत नाही.

रमजानचं वेगळं सांगायला हवं. दिवसभर पाणी नसल्याने लघवी घट्ट होते. ज्यांना शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी शाबान महिन्यातच तपासणी करून रोजे आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. आजाऱ्याला सवलत आहे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पटवणं मात्र अवघड जातं, तिथे रिपोर्ट हातात असलेला बरा.

साधी लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. एसीआर तिथे होत नसेल तर ती कुठे होईल हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.