गणेशोत्सवांतील मेळे

भाद्रपद लागण्यापूर्वीं कांहीं आठवडे पुण्याच्या पेठांतून रात्रीच्या वेळीं एक निराळाच गलबला ऐकूं येत असे. शाळकरी मुलें आणि तरुण कारकून एखाद्या वाड्याच्या ओसरीवर जमत आणि कंदिलाच्या उजेडांत नवीं पदें घोकीत. त्यांच्यापैकीं बहुतेकांना गाण्याची पद्धतशीर तालीम नसे व बिदागीची अपेक्षाही नसे. गणेशचतुर्थी उजाडली म्हणजे हींच मुलें एकसारखा पोशाख करून, झांजा व टिपऱ्या वाजवीत, एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढें गात जात. अशा हौशी गायकांच्या संघास मेळा म्हणत.

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ च्या सुमारास आरंभ झाला आणि १८९४ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुरस्कारानें त्यास जोर आला. मेळ्याचा घाट मात्र अगदींच नवा नव्हता. मोहरमच्या ताबुतांपुढें तोंपर्यंत हिंदूही हौसेनें नाचत-गात असत. त्या टोळ्यांचेंच रूप मेळ्यांनीं उचललें. १८९३ मधील मुंबईच्या दंग्यानें मनें दुभंगलीं होतीं. ज्या मोहरमपासून मेळा जन्मला, त्याच मोहरमकडे हिंदूंनीं पाठ फिरवावी, असा उपदेश आरंभींच्या पदांतून होऊं लागला. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मेळ्याच्या अंगीं लोकांना एकत्र आणण्याचें सामर्थ्य होतें, तसेंच शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडण्याचेंही होतें.

हें सामर्थ्य आलें कोठून? मेळ्यांचे पद्यकार नाटकांतील लोकप्रिय पदांच्या चाली निवडीत. चाल आधींच घरोघर पोंचलेली असल्यामुळें नवे शब्द तिच्या पाठीवर बसून सहज आंत शिरत. पदांच्या लहान लहान पुस्तिका छापून विकल्या जात. ज्याला वर्तमानपत्र वाचतां येत नसे, त्यालाही स्वदेशी, दारूबंदी किंवा शिवचरित्र दहा दिवसांत तोंडपाठ होई. शिवाय गाणारा हा आपल्याच आळींतला मुलगा असे. व्याख्यात्याच्या उपदेशापेक्षां ओळखीच्या गळ्यांतून आलेला शब्द श्रोत्यांना अधिक जवळचा वाटे.

याचा कळस नाशिकास झाला. तेथें १९०० च्या सुमारास विनायकराव सावरकर व त्यांचे सोबती यांनीं मित्रमेळा स्थापन केला. त्याचे कवि गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवि गोविंद, हे पायांनीं पंगु होते. शिक्षण बेताचेंच, पूर्वीं लावण्या रचण्यांत रमलेले. मित्रमेळ्याच्या सहवासांत त्यांच्या प्रतिभेनें दिशा पालटली, आणि ज्यांना घराबाहेर पडणें कष्टाचें होतें, त्यांचे पोवाडे व पदें तरुणांच्या तोंडून गांवोगांव गेलीं. मित्रमेळ्यांतूनच पुढें १९०४ सालीं अभिनव भारत ही संस्था निघाली.

गाण्यांचें हें बळ सरकारच्याही ध्यानांत आलें होतें. गोविंदांच्या कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ च्या जूनमध्यें जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हत्यार नव्हे, पद्यांची एक लहानशी पुस्तिका हा त्या खटल्याचा आधार होता. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा नाट्यगृहांत खून झाला. १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालांतही गणेशोत्सवांतील गाणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांची दखल घेण्यांत आली.

परंतु मेळा ही कोणा एका पक्षाची किंवा जातीची मिरास राहिली नाहीं. सत्यशोधक जलशांनीं खेडोपाडीं गाण्यांतून सामाजिक विषमतेवर आघात चालविलाच होता. १९२० नंतरच्या दशकांत पुण्यांत केशवराव जेधे यांच्या पुढाकारानें छत्रपति मेळा उभा राहिला. ब्राह्मणी वर्चस्वावर त्यानें जी झोड उठविली, तिनें शहरांत मोठी खळबळ माजली. मेळ्यांचें शस्त्र मेळ्यांवरच उलटलें, असें कित्येकांना तेव्हां वाटलें. पुढें भीमराव कर्डक प्रभृतींनीं आंबेडकरी जलशांतून अस्पृश्यतेविरुद्ध गाणें उभें केलें. १९४४ सालीं अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानें गिरणगांवांतील कामगारांची बाजू डफावर मांडली. ज्यांना सभेंत बोलूं दिलें जात नव्हतें, त्यांनीं गाऊन आपलें म्हणणें ऐकविलें.

स्वातंत्र्यानंतर मेळे हळूहळू ओसरले. उत्सवाच्या मंडपांत चित्रपटगीतें व वाद्यवृंद आले. गाणारी आळी ऐकणारी झाली. संगीताच्या दृष्टीनें यांत कदाचित् तोटा झाला नसेल, कारण मेळ्यांचीं पुष्कळ पदें काव्य म्हणून सामान्यच होतीं. पण समाजाच्या दृष्टीनें एक संवय मोडली. आपल्या मनांतील गोष्ट आपणच शब्दांत बांधावी, आपल्याच गळ्यांतून शेजाऱ्यांपुढें मांडावी आणि ती बरी की वाईट याची जबाबदारीही आपणच घ्यावी, ही ती संवय होय. मेळ्यांनीं द्वेष गाइला, तसें स्वातंत्र्यही गाइलें आणि समताही गाइली. त्यांच्या चुका व त्यांचे पराक्रम दोन्ही त्याच हौशी कंठांतून निघाले, म्हणूनच त्यांचा इतिहास लिहितांना दोहोंपैकीं एकही गाळतां येत नाहीं.