चार मंडलांचा खटला

गुल्येल्मो मार्कोनीने १० नोव्हेंबर १९०० रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीत दाखल केलेल्या अर्जातील मागणी सकृद्दर्शनी साधी होती: प्रेषकयंत्रात दोन व ग्राहकयंत्रात दोन अशी चार विद्युन्मंडले एकाच कंपनसंख्येवर, तंबोऱ्याच्या तारा लावाव्यात तशी, मेळवावीत आणि आकाशतारेच्या मंडलातील वेटोळे कमीजास्त करण्याची सोय ठेवावी. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन यांचे दाखले पुढे करून कचेरीने हा अर्ज अनेकदा फेटाळला आणि अखेर १९०४ साली मंजूर केला. इंग्लंडात याच कल्पनेचे ७७७७ क्रमांकाचे पेटंट १९११ साली न्या. पार्कर यांनी ग्राह्य धरले.

पुढे मार्कोनी कंपनीने १९१६ साली अमेरिकन सरकारवरच फिर्याद गुदरली. तिचा अंतिम निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २१ जून १९४३ रोजी झाला, तेव्हा मार्कोनीला जाऊन सहा वर्षे होत आली होती. मुख्य न्यायाधीश हार्लन स्टोन यांच्या बहुमताने ठरविले, की लॉजचे बदलते वेटोळे व टेस्लाची जोडमंडले आधीच उपलब्ध असून चारही मंडले मेळविण्याची युक्ती जॉन स्टोन स्टोनने मार्कोनीपूर्वीच मांडली होती. सबब वादातील बहुतेक दाव्यांत नवकल्पना उरत नाही. टेस्लाला रेडिओचा जनक ठरविणारा निकाल म्हणून याची जी ख्याती झाली आहे ती निराधार होय, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

न्या. फ्रँकफर्टर यांनी भिन्नमत नोंदवून बजावले, की श्रेष्ठ बुद्धीच्या माणसांनाही जे सुचले नाही, ते कोणी दाखवून दिल्यावर उघड वाटू लागते. हा इशारा रास्तच. परंतु बहुमताची बाजू केवळ पश्चाद्बुद्धीवर उभी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. स्टोनने १८९९ च्या जून-जुलैत बेकर नावाच्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत ही योजना वर्णिली होती, आणि त्याचा स्वतःचा अर्जही फेब्रुवारी १९०० मध्ये, म्हणजे मार्कोनीच्या अमेरिकेतील अर्जाआधी नऊ महिने, दाखल झालेला होता. त्यातील मजकुरात १९०२ साली सुधारणा झाली खरी, आणि प्रतिपक्षाने तिच्यावर बोट ठेवले तेही स्वाभाविक. तथापि मूळ लेखातच तो आशय गर्भित होता असे न्यायालयास दिसले, आणि त्या पत्रांनी त्याला दुजोरा दिला. आजच्या तर्कापेक्षा त्या काळचा कागद अधिक विश्वसनीय ठरतो, असे मला वाटते.

फ्रँकफर्टर यांनी छेडलेला ‘उघड’पणाचा हा प्रश्न पुढे कायद्यातही आला: १९५२ च्या अमेरिकन पेटंट कायद्याच्या १०३ व्या कलमात, दाव्यातील गोष्ट त्या विद्येत सामान्यतः निष्णात असलेल्या माणसास शोध लागला त्या वेळी उघड होती काय, ही कसोटी प्रथमच शब्दबद्ध झाली.