नैसर्गिक मारक कोशिकांचे एंझाइमी नियमन

रक्तातील लसीका कोशिकांचा एक वर्ग विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगी बनलेल्या कोशिका (पेशी) पूर्वपरिचयावाचून नष्ट करतो. या वर्गास नैसर्गिक मारक कोशिका म्हणतात. मानवी रक्तातील लसीका कोशिकांत त्यांचे प्रमाण सामान्यतः ५ ते १५ टक्के असते. अशी घातक शक्ती शरीरात सदैव सज्ज असूनही निरोगी ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांना) इजा का होत नाही, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळण्यास सुमारे वीस वर्षे लागली आणि ते परस्परविरुद्ध कार्य करणाऱ्या दोन प्रकारच्या एंझाइमांत (जैव उत्प्रेरक प्रथिनांत) सापडले.

शोध : कर्करोगाविरुद्धच्या प्रतिकाराचे मापन करताना १९७० नंतर प्रयोगशाळांत एक विसंगती वारंवार आढळू लागली. अर्बुदाशी कधीही संबंध न आलेल्या निरोगी प्राण्यांच्या लसीका कोशिकाही अर्बुद कोशिका मारीत. हा प्रयोगपद्धतीतील दोष असावा, असे प्रथम अनेकांना वाटले. १९७५ मध्ये स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स व्हीग्झेल यांनी आणि अमेरिकेत रॉनल्ड हर्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांद्वारे हा एका वेगळ्या कोशिकावर्गाचा स्वाभाविक गुण असल्याचे दाखविले.

स्व-खुणेचा अभाव : शरीरातील जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त कोशिकेच्या पृष्ठभागावर प्रमुख ऊतकसुसंगती वर्ग-१ ची प्रथिने असतात, ती तिच्या ‘स्व’ पणाची खूण होत. टी-कोशिकांना चुकविण्यासाठी विषाणू व अर्बुदे ही खूण पुष्कळदा पुसून टाकतात. क्लास कॅरे यांनी १९८१ च्या आपल्या प्रबंधात असे सुचविले की, मारक कोशिका परक्या खुणेचा शोध घेत नसून स्वतःच्या खुणेचा अभाव हेरतात. १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुरावा दिला : ही प्रथिने गमावलेल्या लसीकार्बुदाच्या कोशिका उंदरांनी नष्ट केल्या, ती टिकवून असलेल्या कोशिका मात्र वाढल्या. १९९२ मध्ये वेन योकोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांत ही खूण ओळखून मारक क्रिया थोपविणारा ‘लाय-४९’ हा ग्राही आढळला. मानवातील तत्सम ग्राहींच्या अभ्यासात जेनोव्हा (इटली) येथील लोरेन्झो व आलेस्सान्द्रो मोरेत्ता या बंधूंचा वाटा मोठा आहे.

एंझाइमांचे कार्य : प्रथिनाला फॉस्फेट गट जोडणाऱ्या एंझाइमांस कायनेज व तो काढून टाकणाऱ्यांस फॉस्फेटेज म्हणतात. या व्युत्क्रमी (उलटसुलट होऊ शकणाऱ्या) क्रियेच्या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोगट कोशिकेशी संपर्क आला की मारक कोशिकेतील ‘सार्क’ कुलातील कायनेजे उत्तेजक ग्राहींशी निगडित प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. त्यामुळे ‘सिक’ व ‘झॅप-७०’ ही कायनेजे आणि पुढे ‘व्हाव-१’ हे प्रथिन कार्यान्वित होते. कॅल्शियमाची पातळी वाढते व परफोरिन आणि ग्रँझाइमे यांनी भरलेल्या कणिका लक्ष्याच्या दिशेने रित्या होतात.

लक्ष्यावर स्व-खूण असल्यास निरोधक ग्राही तिला बांधला जातो. मग ‘सार्क’ कुलातील कायनेजेच त्याच्या अंतर्भागातील टायरोसिनांना फॉस्फेट जोडतात आणि तेथे ‘एसएचपी-१’ हे फॉस्फेटेज ओढले जाते. म्हणजे आक्रमणास चालना देणारी एंझाइमेच त्याला आवर घालणारी यंत्रणाही उभी करतात. हा दुवा एरिक लाँग यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखविला. हे फॉस्फेटेज ‘व्हाव-१’ वरील फॉस्फेट काढते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. साखळी अशी आरंभीच तुटल्याने कणिका सुटत नाहीत. हा निरोध संपर्कस्थानापुरताच असतो. त्यामुळे तीच मारक कोशिका एकाच वेळी निरोगी कोशिकेला सोडून शेजारच्या रोगट कोशिकेला मारू शकते.

निरोधाचे दुसरे कार्य : हा निरोध नाहीसा झाला तर मारक कोशिका अनावर होतील, अशी अपेक्षा होती, पण प्रत्यक्षात उलट आढळले. स्व-खुणेशी कधीच संबंध न आलेल्या मारक कोशिका मंद राहतात, असे योकोयामा यांच्या गटाने २००५ मध्ये दाखविले. २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांच्या मारक कोशिकांतून ‘एसएचपी-१’ काढून टाकले, तेव्हा त्या कोशिकांची प्रतिसादक्षमता घटली. निरोधक संदेश हा केवळ लगाम नसून मारक कोशिकेच्या घडणीचाही भाग आहे, असा याचा अर्थ होतो.

वैद्यकीय महत्त्व : पेरुजा (इटली) येथील लोरेदाना रुज्जेरी, आन्द्रेआ व्हेलार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या रुग्णांविषयी महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. अर्धवट जुळणाऱ्या नातलगाच्या मूल कोशिकांचे प्रतिरोपण केल्यावर, दात्याच्या मारक कोशिकांना आवरणारी खूण रुग्णात नसेल, तर रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते. या कोशिका दात्याच्या शरीरात निरोधाखालीच घडलेल्या होत्या. याउलट, निरोधक ग्राही झाकणारे प्रतिपिंड (विशिष्ट पदार्थाला बांधले जाणारे प्रथिन) देऊन हाच परिणाम साधण्याचा प्रयत्न याच रोगाच्या वृद्ध रुग्णांत २०१७ पर्यंतच्या चाचणीत यशस्वी झाला नाही. निरोधाचे हे दुहेरी स्वरूप पाहता तो सरसकट उठविण्याने भागणार नाही. कायनेजे व फॉस्फेटेजे यांचा तोल योग्य वेळी व योग्य ठिकाणी बदलणे, हे या क्षेत्रातील उपचारांचे खरे उद्दिष्ट आहे.